भागूबाईने उलटवलेला बिल्ला

बोटीवर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला भागूबाई म्हणायचे आणि ते काही कौतुकाने नव्हे. चोवीस वर्षं समुद्रावर काढून जिला पोहता येत नाही, जरा मोठी लाट आली की जी दोन्ही हातांनी कठडा धरते, नांगराची साखळी खडखडली की जी अजूनही दचकते, तिला भित्री भागूबाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? नवऱ्याचं किनाऱ्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या हिची बोट पाण्यावर नाही, हिच्या भीतीवर तरंगते."

हसणाऱ्यांनी हसावं, पण भित्रा माणूस मोजण्यात चुकत नाही. पाच भावंडांत ती थोरली. आई कामावर गेली की जेवायला बसण्याआधी ही डोकी मोजायची. एक जरी कमी भरलं तरी हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

बोट लहान होती, चाळीस प्रवाशांची. ज्वालामुखींतून वर आलेल्या, माणसाची वस्ती नसलेल्या बेटांना ती फेरी घालायची. काळी वाळू, जमिनीतून निघणाऱ्या वाफा, खडकांवर लोळणारे सील आणि लाखो पक्षी, हे बघायला लोक दूरदूरहून यायचे. भागूबाई त्यांच्या खोल्या आवरायची, चादरी बदलायची. आणि प्रवासी बेटावर उतरायचे तेव्हा बिल्ल्यांची फळी सांभाळायची.

बोटीच्या बाजूच्या दाराशी, अरुंद बोळात, ही फळी टांगलेली होती. प्रत्येक प्रवाशाच्या नंबराचा एक बिल्ला, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. रबरी होडीत उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. ज्याचा त्याने. नवऱ्याने बायकोचाही उलटवायचा नाही, असा नियम कप्तानाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून सांगितलेला असायचा. फळी पूर्ण पांढरी झाली की नांगर उचलायचा.

हा नियम भागूबाईने एका माणसासाठी मोडला होता. सतरा नंबरचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार, धाकट्या बहिणीबरोबर आलेले. बोळातल्या गर्दीत त्यांना उभं राहवायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही जा, बसा. तुमचा बिल्ला मी बघते." त्यांनी हात जोडले. "ताई, उपकार झाले." बोटीवर तिला ताई म्हणणारा हा एकटाच माणूस. तिला बरं वाटलं. मग पहिल्या पाचही बेटांवर तसंच चाललं.

सहाव्या बेटावर दुपारी वारा फिरला. डोंगराच्या तोंडावरची वाफ खाली उतरू लागली, धुकं आलं, आणि गंधकाचा वास थेट बोटीच्या बोळात शिरला. कप्तानाने भोंगा वाजवला, सगळ्यांना परत बोलावलं. होड्या घाईघाईने येऊ लागल्या. ओले, खोकणारे लोक बोळात दाटले. तिसऱ्या होडीतून मास्तरांची बहीण वर आली, तिने आपला बिल्ला उलटवला, आणि भागूबाईने सवयीने शेजारचा सतरा नंबर पांढरा केला. ही दोघं नेहमी एकाच होडीतून यायची. मागे वळून तिने पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

शेवटी बेटावर थांबलेल्या वाटाड्याने वायरलेसवर विचारलं, "फळीवर किती लाल बाकी?"

"सगळे पांढरे," ती म्हणाली.

धुक्यात त्याला पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तिच्या शब्दावर विसंबून तो शेवटची होडी घेऊन परतला. नांगर वर आला, बोट निघाली.

बेटावरून आलं की मास्तरांच्या गुडघ्यांसाठी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन जायची. आजही गेली. खोलीतली चादर तिने सकाळी ताणून घातली होती तशीच होती. पलंगाखाली सपाता जागच्या जागी. बहीण शेजारच्या खोलीत केस पुसत होती.

"मास्तर कुठे गेले?"

"दादा? तो मघाशीच नाही का आला? मला म्हणाला, पाय दुखतायत, मी आधीच्या होडीने पुढे होतो."

भागूबाईने पिशवी तिथेच टाकली. आधीच्या होडीतून मास्तर आले असते तर त्यांनी तिला पाहून हात वर केला असता. ते दर खेपेला करायचे.

तेव्हाच धावत जाऊन कप्तानाला सांगायला हवं होतं. पण दोन वर्षांपूर्वी तिने असाच ओरडा करून बोट मागे फिरवली होती आणि हरवलेला प्रवासी दुसऱ्याच्या खोलीत पत्ते खेळताना सापडला होता. सगळी बोट आठवडाभर हसली. कप्तान हसला नाही. तो म्हणाला होता, "आधी शोधा, मग ओरडा." दुधाने तोंड पोळलेलं, आता ती ताक फुंकू लागली. जेवणघर, वाचनखोली, दोन्ही डेक, स्वच्छतागृहं. प्रत्येक दार उघडताना तिला वाटायचं, इथे असतील, देवा, इथे असू दे. आणि मागे इंजिन धडधडत होतं, प्रत्येक मिनिटाला बेट लांब जात होतं. बेटावरून आल्यावर बूट काढून ठेवायच्या मांडणीत सतरा नंबरचा कप्पा रिकामा दिसला तेव्हा ती धावत सुटली.

ती कप्तानाच्या खोलीत पोचली तेव्हा वीस मिनिटं गेली होती.

"सतरा नंबर बेटावर राहिलेत."

कप्तानाने नकाशावरून मान वर केली नाही. "भागूबाई, फळी पांढरी आहे. तुम्हीच सांगितलंत."

"फळी खोटी आहे."

"फळी खोटी कशी असेल?"

नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. घरी काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. त्या बेटावर जमीन जागोजागी पापडासारखी पातळ होती, खाली उकळता चिखल. आणि धुक्यात चालणारा, गुडघ्यांनी अधू म्हातारा.

"बिल्ला मी उलटवला," ती म्हणाली. "त्यांना न बघता. रोज मीच उलटवते."

कप्तानाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग बोट वळवली.

परतीचा तो प्रवास तिने दारातच उभ्याने काढला. बेट धुक्यात दिसतच नव्हतं, फक्त वास येत होता आणि सील भुंकत होते. होडी गेली. भोंगा वाजत राहिला. मास्तरांची बहीण शेजारी उभी होती, पण तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती. भागूबाईला वाटलं, हिने मला शिव्या तरी द्याव्यात. एक तास गेला. आयुष्यभर ती ज्या ज्या गोष्टींना घाबरली होती त्या सगळ्या या तासापुढे पोरखेळ होत्या.

होडी आली. त्यात मास्तर होते.

घोंगडीत गुंडाळलेले, राखेने करडे झालेले. उजव्या बुटाचा तळ गरम जमिनीने वितळून वाकडा झाला होता. भागूबाईने त्यांना हाताला धरून आत घेतलं. त्यांचे दात वाजत होते, तरी ते हसायचा प्रयत्न करत होते.

"वाट चुकलो. पायाखालची जमीन डगमगायला लागली, तशी जागच्या जागी थांबलो. हललोच नाही," ते म्हणाले. "बोट निघाल्याचा आवाज आला तेव्हासुद्धा. मागे धावलो असतो तर गेलोच असतो. पण म्हटलं, माझा बिल्ला ताईंच्या हातात आहे. मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या काही तो उलटवायच्या नाहीत. येतीलच."

बोळात कप्तान होता, बहीण होती, दोन खलाशी होते. सगळ्यांनी खाली पाहिलं. कुणी सांगणार नव्हतं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मी उलटवला होता, मास्तर," भागूबाई म्हणाली. "तुम्हाला न बघता."

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. दोन तास त्या बेटावर नव्हती ती आता, बोटीवर सुखरूप उभं असताना आली. त्यांनी तिच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.

समोर जिना होता. तिने आधाराला पुन्हा हात पुढे केला.

"असू द्या," मास्तर म्हणाले. "मी कठडा धरतो."