सोनलशिवायची सहल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. किकवीत माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर बायका डबे घेऊन येतात, गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून घरातलं सगळं बोलतात — मीही बोलते. सासूचं, नवऱ्याचं, गुडघ्यांचं. हे एवढं सोडून. आणि आज सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. राग आलाय म्हणून सांगतेय. कुणाचा? आधी शिल्पाचा सांगते, माझ्या भावजयीचा. तो सोपा आहे.

नको. आधी सोनल.

सोनल माझ्या धाकट्या बहिणीची, मंगलची मुलगी. मंगलला वेल्ह्याकडं दिली, घरची भातशेती आहे. सोनलला लहानपणापासून फिट यायची. औषध चालू होतं, तरी मधूनच यायची. डोळे वर जायचे, अंग ताठ व्हायचं, मग झटके. मंगलबरोबर पुण्याच्या डॉक्टरांकडं मीच जायचे. पोरीला कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच — मला सगळं पाठ होतं. ती फिटमधून बाहेर आली की विचारायची, मावशी, मी काय बोलले का गं? मी म्हणायचे, काही नाही, झोपली होतीस.

ती पाचवी संपवून सहावीत जाणार होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तीन भावंडं — मी थोरली, मग मंगल, मग पुण्यात राहणारा अनिल. तिघांनी पोरंबाळं घेऊन एकदा कुठंतरी जायचं ठरलं. पानशेतच्या वाटेवर तेव्हा एक नवं पार्क निघालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे, आणि मागच्या अंगाला राहायला तंबू. दिवसभर खेळायचं, रात्री तंबूत झोपायचं, सकाळी उठून परत खेळायचं. किकवीवरून नसरापूर, मग पाबे घाट चढून पलीकडं उतरलं की झालं. ठरवायचं काम माझ्याकडं आलं, थोरली म्हणून.

पण ठरवलं सोनलनं. मंगलच्या मोबाईलवरून ती मला आवाज भरून पाठवायची. मावशी, अनिलमामा लई घोरतो, त्याला शेवटच्या तंबूत टाकायचा. मावशी, तिथं पहाटं गार पडंल, गोधड्या तुमी आणा, आमच्या फाटल्यात. मामाचा बंटी उंचीनं कमी भरतोय, त्याला मोठ्या पाळण्यात घेणार न्हाईत, त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो तिथं रडणार न्हाई. सगळे पाळणे तिनं व्हिडिओत बघून ठेवले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं — पाण्यात उतरायचं नाही, उंच पाळण्यात बसायचं नाही, बाकी सोबत कुणी असलं तर खुशाल जाऊ दे. ते तिनं स्वतःच मान्य करून टाकलं होतं. मी काठावर बसून तुमच्या चपला सांभाळीन, म्हणायची, पण तंबूत झोपायचं मला. मंगल सांगायची, ही अंगणात बाजेवर ताडपत्री ओढून भर दुपारी आत झोपतीय. घामानं निथळतीय, पण सवय करतीय म्हणं.

ते ऐकून मी हसायचे. मला ती पोर आवडायची, कळलं का तुम्हाला? त्याचाच तर राग येतो. नावडती असती तर निदान — काय निदान? काहीच नाही.

आता शिल्पा. सहलीच्या जरा आधी अनिलच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. हॉल भरलेला, बहुतेक माणसं शिल्पाच्या माहेरची. जेवणाच्या आधी सोनलला तिथंच फिट आली. नव्या सोफ्यावर. सोफा ओला झाला. माणसं उठून भिंतीकडं सरकली. मंगल खाली बसली, पोरीला कुशीवर घेऊन. शिल्पाची आई माझ्या शेजारी होती. तिनं हळूच मला विचारलं, ही कोण मुलगी?

माझ्या तोंडात पेढा होता. मी तो चावत राहिले. कुणीतरी मागून सांगितलं, अनिलच्या बहिणीची आहे. मी मंगलजवळ जाऊन बसले नाही. माझी साडी नवी होती, आणि त्या बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि मी — बसले नाही.

मग सहलीच्या काही दिवस आधी शिल्पाचा फोन आला. तिची बहीण आणि बहिणीचा नवरा, त्यांची मुलं, तेही येणार होते. म्हणाली, "ताई, ती माणसं पहिल्यांदाच आपल्यात येतायत. तेवढं जरा बघा हं."

तेवढं म्हणजे काय? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला ते उघड बोलावं लागलं असतं, आणि मग मला भांडावं लागलं असतं. मी म्हणाले, बघते. शिल्पाचा मला किती वर्षं राग आहे सांगू? पण ती तेवढंच बोलली. पुढचं सगळं मी बोलले.

त्याच दुपारी मी मंगलला फोन लावला. म्हणाले, पार्कात बोलणं झालं. तिथं एक बाई होती फोनवर. कुणाला काही आजार आहे का, विचारलं तिनं. मी सोनलचं सांगितलं. तर म्हणाली, फिट येणाऱ्या माणसाला आम्ही आत घेत नाही, नियम आहे.

असा फोन मी केलाच नव्हता. कसली बाई, कसला नियम! हे सगळं मी गिरणीच्या ओट्यावर बसून, हाताला पीठ लागलेलं असताना तयार केलं. तयार करायला वेळही लागला नाही. मला इतकं सहज जमलं याचीसुद्धा मला चीड येते.

मंगल म्हणाली, "तू सांगितलंसच कशाला, आक्का? गप बसली असतीस तर त्यांना काय कळणार होतं?"

आणि मी — ऐका, मी काय म्हणाले — मी म्हणाले, "असं खोटं कसं बोलायचं गं? उद्या काय झालं तर?"

ती रडली. मग म्हणाली, चुकलं माझं, तू केलंस तेच बरोबर. माफी मागितली तिनं माझी. मी ती घेतली.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा, दत्तारावांचा फोन. मोटारसायकलवर जाऊन येतो म्हणाले, पार्कातल्या मोठ्या साहेबाला भेटतो, डॉक्टरांना फोन जोडून देतो. गरीब स्वभावाचा माणूस, कचेरीत गेले तरी दाराबाहेर चपला काढणारे. पण लेकीसाठी जायला निघाले होते. ते गेले असते तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. मी म्हणाले, पाहुणे, कशाला चारचौघांत अपमान करून घेता, गेटवरूनच लावून देतील ते. ते बसले घरी. त्यांना खरंच वाटलं, अपमान होईल. माणसाला कुठं दुखतं ते मला नेमकं ठाऊक होतं, मी तिथंच बोट ठेवलं.

मग मंगलच म्हणाली, तुमी जावा, बाकीच्या पोरांचं मन कशाला मोडता. तिच्या घरातलं कुणीच आलं नाही. आम्ही गेलो.

आणि मजा आली. तुम्हाला वाटत असेल, मला तिथं घास गिळवला नसेल. छान गिळवला. मी साडी खोचून पाण्यात उतरले, शिल्पाच्या बहिणीबरोबर फोटो काढले, ती म्हणाली तुम्ही किती मोकळ्या स्वभावाच्या आहात हो ताई, आणि मला बरं वाटलं. तंबूत झोपही लागली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. सोनल प्रत्येक फोटोखाली अंगठा पाठवत होती. मग तिचा आवाज आला — मामाला शेवटच्या तंबूत टाकला का?

इथं संपलं असतं तर कदाचित मीही विसरले असते. तुमच्याही मनात येत असेल, एक सहल हुकली पोरीची, एवढं काय त्यात. पुढचं ऐका.

त्या वर्षी शाळेची सहल रायगडला निघाली. मंगलनं बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं, आमचीला नका नेऊ, अशांना कुठं घेत नाहीत. बाई म्हणाल्या, आम्ही नेऊ की. मंगल म्हणाली, नको, तिथं गेल्यावर कुणी काही बोललं तर? पुढं कबड्डी सुटली. भोरला चुलतभावाच्या लग्नाच्या वरातीत नाचायचं होतं, ते सुटलं. त्या पोरीला एक सवयच लागली — कुठंही जायच्या आधी विचारायची, मला चालंल का? नातेवाइकांच्या गाडीत बसायच्या आधी, देवळातल्या पंगतीत बसायच्या आधी. एकदा माझ्या गिरणीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, मावशी, मी आत आले तर चालंल का? पट्टा चालू आहे म्हणून विचारते.

माझ्या घरात! मला विचारतेय!

मी तिच्यावर खेकसले. काय सारखं चालंल का, चालंल का लावलंयस, म्हणाले. तिचं तोंड एवढंसं झालं. बघा, मी रागावले कुणावर.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही कितीदा तरी आलं असतं. दर दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्तानं मंगल आणि मी एकाच ताटात खाल्लं. मी सांगितलं नाही.

सोनल आता मोठी झाली. फार्मसीचं शिकली, नसरापूरला औषधांच्या दुकानात काम करते. फिट येऊन कित्येक वर्षं झाली, गोळी तेवढी चालू आहे. गेल्या थंडीत ती सुट्टीच्या दिवशी गिरणीवर आली आणि म्हणाली, आपण सगळे त्या पार्कात जायचं, मी नेणार. म्हणाली, "मावशी, मी फोनवर सगळं सांगितलं त्यांना, फिटचं पण. लगेच व्हय म्हणाले. पाण्यापाशी आमच्या माणसाला सांगून ठेवा, एवढंच. तसा नियम त्यांच्यात कधी नव्हताच म्हणं."

ती माझ्याकडं बघत होती. संशयानं नाही. आनंदानं.

मी काय केलं असेल? म्हणाले, "तेव्हाची बाई वेगळी असेल गं. आता माणसं बदलली असतील."

म्हणजे बघा, पहिलं खोटं बोलले तेव्हा ती लहान होती आणि फोन तिच्या आईला होता. दुसरं मी तिच्या तोंडावर बोलले, ती स्वतः कमावून मला सहलीला नेत असताना.

आम्ही गेलो. मंगल, दत्ताराव, सोनल, अनिलकडचे, आम्ही. तंबू आता पक्के झालेत, आत खाटा आल्यात. सोनल आत जाऊन पडली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. दत्ताराव तंबूच्या दाराशी उभे होते, उगाच दोरी ओढून बघत होते, पक्की आहे का. सकाळी आम्ही बाहेर खुर्च्या टाकून चहा घेत बसलो. मंगल तंबूकडं बघत होती. एकदम म्हणाली, ती फोनवरची बाई मला एकदा भेटायला पाहिजे होती. माझ्या पोरीची एवढी वर्षं खाल्ली तिनं. मग तिनं त्या बाईला शिव्या घातल्या. मंगल कधी शिवी देत नाही. आतड्यातून आल्या त्या.

शिल्पा चहाच्या कपात बघत होती. तिला माहीत आहे की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मीही शिव्या घातल्या. मंगलपेक्षा चढ्या आवाजात. म्हणाले, वाटोळं होईल त्या बाईचं. मंगलनं माझा हात धरला, दाबला. माझी बाजू घेणारी एकटी माझी आक्का, असं तिच्या डोळ्यांत होतं.

सोनल तंबूतून बाहेर आली होती, केस बांधत. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "जाऊ दे गं आई. घाबरली असंल ती. तिनं कधी कुणाला फिट आलेली बघितलीच नसंल."

बरं बोलली पोर, असं दत्ताराव म्हणाले. मीही मान हलवली.

म्हणून हे सांगितलं. ती ज्या बाईला माफ करतेय, तिच्याबद्दल तिला चुकीचं माहीत आहे. ती बाई घाबरली नव्हती. तिनं सोनलला फिट आलेली कितीदा तरी पाहिली होती, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तिच्या तोंडाची लाळ पदरानं पुसली होती. तिला कसलीच भीती नव्हती. तिला त्या नव्या माणसांसमोर सोनलची मावशी म्हणवून घ्यायचं नव्हतं.