जीपवरून उतरलेला हवालदार

शिरवळला गाडी चहासाठी थांबली, पण सयाजी जागेवरून उठलाच नाही. लष्करातली नोकरी संपवून हवालदार सयाजी कायमचा गावी निघाला होता. घरी जाताना माणसाला आनंद व्हायला हवा, एवढं त्यालाही कळत होतं. पण नुकताच थोरल्या भावाचा, नाथाजीचा, फोन येऊन गेला होता.

"थेट घरी येऊ नगंस बरं का! फाट्यावर थांब. जीप सजवलीय, साताऱ्याचा डीजे सांगितलाय. समदं गाव येणार हाय."

आमच्याकडे हा आता रिवाजच झालाय. जवान निवृत्त होऊन आला की त्याला फाट्यावर अडवायचं, फेटा बांधायचा, उघड्या जीपमध्ये उभं करून गावभर मिरवायचं आणि शेवटी देवळासमोर त्याच्या हातात माईक द्यायचा. बंदुकांसमोर उभा राहिलेला गडी, त्याला माईकचं कसलं भय? गावाचा आपला साधा हिशेब. त्या गड्याला कोणी विचारत नाही.

सयाजी जन्माचा अबोल. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की त्याला पहिली ओळही आठवायची नाही. स्वतःच्या वरातीत तर तो घोड्यावरून चक्कर येऊन पडता पडता वाचला, आणि लोक समजले नवरदेव उपाशी आहे. पलटणीत बर्फातली चौकी सगळे टाळायचे, ती हा मागून घ्यायचा. साहेब त्याला शूर म्हणायचे. कसला शूर! तिथे मोजकी माणसं होती, वारा होता आणि दिवसच्या दिवस कुणी बोलायला लावत नव्हतं. गडी तिथे सुखात होता, एवढंच.

फाट्यावर पाय ठेवला आणि त्याला हारांनी गळ्यापर्यंत गाडलं. बायको संयोगिता नवी पैठणी नेसून जीपमध्ये त्याच्याशेजारी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तर तो आणखीच घाबरला. डीजे सुरू झाला. जीपचा पत्राच काय, त्याच्या बरगड्याही हादरायला लागल्या. बोटांना मुंग्या आल्या, श्वास वरच्या वर अडकायला लागला. दोन्ही बाजूंनी माणसं, गच्चीवर माणसं, सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे. आपण आता जीपमधून उडी मारून पळणार, असं त्याला स्वच्छ दिसायला लागलं. मग उरलेला जन्म गाव संयोगिताला पळपुट्याची बायको म्हणणार. तो फेटा, ती वर्दी, सगळ्याचं हसं होणार.

"आवं, काय हुतंय तुमाला?" संयोगितानं कानाशी येऊन विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

गावाच्या मधोमध मनुबाईंचं घर. त्यांचा एकुलता एक विश्वजित सीमेवर कामी आला, तेव्हापासून वरात असो की मिरवणूक, त्या दारावरून कोणी वाजवत जात नाही. तिथे आल्यावर डीजे बंद झाला. त्या शांततेत सयाजीला स्वतःची धाप ऐकू आली. तो जीपमधून उतरला, मनुबाईंचं दार ढकललं आणि आत गेला.

बाहेर कुजबुज झाली. मग माईकवर नाथाजीचा आवाज फुटला. "बघा मंडळी! याला म्हणत्यात फौजी! आदी शहिदाच्या आईचं दर्शन, मग आपलं घर!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत मनुबाई सुपात घेवडा निवडत बसल्या होत्या. सयाजी भिंतीला टेकून खाली घसरला. समोर विश्वजितचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे बघायची याची छाती होईना. मनुबाईंनी पाणी दिलं, ते निम्मं अंगावर सांडलं.

"काकी, त्यो बाहेर खोटं सांगतोय. मी दर्शनाला न्हाई आलो. मी भ्यालोय. पळून आलोय."

हे त्यानं संयोगितालाही कधी सांगितलं नव्हतं. ज्या घरातला पोरगा मागे हटला नाही, त्याच घरात आपण हे बोललो, आता ही बाई आपल्याला बाहेर काढणार, असं त्याला वाटलं. मनुबाई पुन्हा सुपापाशी बसल्या.

"कशाला भ्यालास?"

"माणसांना."

मनुबाईंनी घेवड्याचे दाणे सुपात एका कडेला सारले.

"माझ्या विश्वजितला आणला तवा समदा जिल्हा लोटला हुता," त्या म्हणाल्या. "सायेब, पुढारी, क्यामेरेवाले. मला वाटत हुतं, घटकाभर समद्यांनी भाईर जावं. मी आन् माजं लेकरू, दोगंच ऱ्हावं. पर त्ये लोक मायेनं आल्यालं. त्येंना कसं सांगायचं? मीबी भ्याले. ती घटका मला काय गावली न्हाई बग."

त्यांनी सयाजीला बोलायला लावलं नाही. त्यानं सुपात हात घातला आणि खडे वेचायला लागला. हळूहळू श्वास पोटापर्यंत जायला लागला. भीती गेली नव्हती, पण ती असतानाही बसता येतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

मग तो उठला आणि त्यानं स्वतःच दार उघडलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मनुबाई त्याच्या पाठोपाठ दारापर्यंत आल्या.

"दादा," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मला गर्दीचं लय भ्या वाटतं. माईक नगं, जीप नगं. मी चालत घरी जातो."

नाथाजीनं त्याचा पांढराफटक चेहरा बघितला. हातातला माईक खाली केला.

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय रं?" तो म्हणाला. "येवढंच हुतं तर! चला रं, जावा समदी आपापल्या घरला."

आणि माणसं खरंच गेली. कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. रस्ता बघता बघता मोकळा झाला.

दारात उभ्या मनुबाईंनी चौकट घट्ट धरली. "नुस्तं सांगायचं हुतं," त्या पुटपुटल्या आणि त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत रडायला लागल्या.