पार्क सोडून दुसरं काय?

आमच्या बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीला लागूनच चौकशीची खिडकी आहे. तिकिटाच्या खिडकीत मी आणि चौकशीच्या खिडकीत ते. मधली फळी जेमतेम खांद्यापर्यंतची, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं. त्यांना सगळे 'तीन नंबर' म्हणतात, कारण एकवीस वर्षं ते एकच उत्तर देत आलेत: "पार्क ना? गेट नंबर तीन. दर वीस मिनिटांनी." तेही समोरच्याने तोंड उघडायच्या आत. एका बाईंनी प्यायचं पाणी कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्यांनाही गेट नंबर तीन. त्या बिचाऱ्या पार्कात जाऊन पाणी पिऊन आल्या असतील.

लोकांचंही चुकत नाही. या शहरात माणसं येतात ती पाळण्यांसाठी आणि पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी. दिवसभर किंचाळायचं, भिजायचं आणि संध्याकाळी आमच्याच स्थानकावरून परत. बाकीचं शहर त्यांना बसमधून दिसेल तेवढंच.

पण दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत तीन नंबर आपल्या मोठ्या बहिणीला फोन करायचे, तेव्हा हेच शहर एकदम फुगायचं. "आक्का, काय नाही इथे? बघायला आठ दिवस पुरणार नाहीत." मी फळीवरून डोळे वटारायची. "कशाला थापा मारता हो?" "थापा कसल्या, बाई? तिला वाटायला नको, भाऊ कुठे तरी आडबाजूला पडलाय."

आई गेल्यावर त्यांना वाढवलं ते या आक्कानेच. मागच्या वर्षी तिचे यजमान गेले. नंतर ती दोनदा जिन्यात पडली आणि डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही म्हणून बजावलं. इकडे तीन नंबरही दोन खोल्यांत एकटेच. वर्षभर मागे लागले, तेव्हा कुठे आक्का म्हणाली, "येते, दोन दिवस. शहर आवडलं तर राहीन, नाही तर माझं घर काय वाईट आहे? आणि ते पाळणे नकोत, मला चक्कर येते. बाकीचं दाखव."

तीन नंबरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचं म्हणजे काय, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? घर ते खिडकी, खिडकी ते घर.

मग त्यांनी एक शक्कल लढवली. ज्यांच्याकडे वेळ आहे अशा प्रवाशांना ते स्वतः कधीच न पाहिलेल्या ठिकाणी पाठवायला लागले. एकाला तळ्यावर, एकाला संग्रहालयात. परतीची गाडी इथूनच, त्यामुळे संध्याकाळी त्यांना गाठून विचारायचे, "कसं होतं?" उत्तर मिळेल ते जुन्या तिकिटांच्या पाठीवर टिपायचे. एक म्हणाला तळं सुंदर आहे. दुसरा म्हणाला, तळं? कुठलं तळं? संग्रहालय एकीला फार आवडलं, तिच्या नवऱ्याला तिथे फक्त झोप आवडली. आठवडाभरात तिकिटांचा ढीग झाला आणि गोंधळ होता त्याच्या दुप्पट.

"बाई, तुम्ही तरी सांगा. हे शहर बघण्यासारखं आहे की नाही?"

मी इथलीच, पण खरं सांगते, मलाही सुचेना. घाईघाईत म्हटलं, "टेकडीवर न्या. वरून सगळं दिसतं." ते आजही माझ्या मनाला लागतं.

आक्का सोमवारी आली. अंगाने बारीक, चालण्यात ठसका, हातात एकच पिशवी. एकच पिशवी, म्हणजे राहायचा विचार दिसत नव्हता.

त्या दिवसाची कथा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पाडून मला सांगितली. आधी संग्रहालय. सोमवारी बंद! साऱ्या जगाला वेळा सांगणारा माणूस, पण स्वतः चौकशी करायची त्याला सुचली नाही. समोरच्या घड्याळजीने दोघांना सावलीत बसवून घेतलं. तिथून तळं, तर तळ्याला चहूबाजूंनी जाळी. टेकडीच्या पायथ्याशी आक्काच्या चपलेचा अंगठा तुटला, चांभाराकडे अर्धा तास गेला. धापा टाकत वर पोचले, तर समोर काय? पार्कातला तो अवाढव्य पाळणा. "हेच का ते?" आक्काने विचारलं. हे म्हणाले, "हो." मग दोघं तिथेच एका दगडावर टेकली.

"काही बोलल्या का त्या?"

"अक्षर नाही. रागावली असती तरी कळलं असतं हो."

दुसऱ्या दिवसाची रजा काही मंजूर झाली नाही. म्हणून आक्का पिशवी घेऊन खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसली. चारच्या गाडीचं तिचं तिकीट मीच फाडलं. फळीपलीकडे तीन नंबर "गेट नंबर तीन, गेट नंबर तीन" म्हणत होते, पण आवाजात जीव नव्हता.

दोनच्या सुमाराला एक जोडपं आलं. "पार्क काल बघितलं. आमची गाडी सहाला आहे. पार्क सोडून दुसरं काय आहे इथे?"

समोर आक्का बसलेली. तीन नंबरांची त त प प झाली. तिकिटांचा ढीग चाळला, दोन खाली पाडली. "तळं... म्हणजे, जाळी आहे... संग्रहालय आज उघडं असेल, बहुतेक..."

आक्का बाकावरून उठली. "संग्रहालयाचं मला माहीत नाही. त्याच्यासमोर एक घड्याळजी बसतो, त्याच्याकडे जा. अकरा वर्षं एक घड्याळ कुणी न्यायला आलेलं नाही, तो रोज किल्ली देतो त्याला. विचारा, सांगेल. मग टेकडी. पाळण्याकडे पाठ करून बसा. त्या बाजूला गच्च्या आहेत, माणसं गादीला ऊन दाखवतात, भांडतात, केस वाळवतात. दोन तास सहज जातात."

जोडपं गेलं. तीन नंबर तिच्याकडे बघतच राहिले. काल तिच्या शेजारीच तर बसले होते, यांना त्यातलं काहीच कसं दिसलं नव्हतं?

चार वाजले. गाडी लागली, कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. आक्का जागची हलेना.

"आक्का, गाडी!"

"ऐकू येतंय."

"सुटेल ना!"

"सुटू दे. ती दोघं परत आली की विचारायला नको, कसं होतं ते?"

गाडी गेली. तीन नंबर माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. हिला शहर आवडलं, की भावाची दया आली, की नुसतं ते उत्तर हवं होतं? विचारायची हिंमत दोघांचीही झाली नाही.

साडेपाचला जोडपं परत आलं. मीच घाईने विचारलं, "कसं होतं?"

"ठीक," तो म्हणाला. "खास असं काही नाही."

तीन नंबरांचा चेहरा पांढरा पडला. आक्का मात्र हसली. "एका दिवसात तसंच वाटतं. काल मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. मग पिशवी उचलून खिडकीत हात घातला. "किल्ली दे घराची. मी पुढे होते."

यांनी किल्ली दिली आणि सवयीने सुरू झाले, "बाहेर पडलीस की डावीकडे, मग दुसऱ्या चौकात..."

"मी रस्ता विचारला का तुला?" आक्का म्हणाली, आणि बाहेर पडून बरोबर डावीकडे वळली.