टँकर अडवणाऱ्या गावात

बोळिंजहून वटार गाव रिक्षाच्या टप्प्यात आहे, पण माझा थाट शिष्टाईला निघाल्याचा होता. बगलेतल्या पिशवीत सोसायटीचे पत्र, शिक्क्यासह, तीन प्रतींत. दोन दिवस आमचा पाण्याचा टँकर आला नव्हता. वटारच्या गावकऱ्यांनी अडवला, एवढेच ड्रायव्हर सांगत होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा गावाचे मन वळवणे माझ्या गळ्यात पडले.

धोक्यांची आम्हाला सवय आहे. गेल्याच सभेत आम्ही त्यांची यादी केली: भटकी कुत्री, डिलिव्हरीवाले, भाडेकरू. म्हणून फाटकावर वही ठेवली आहे. येणाऱ्याने नाव आणि काम लिहूनच आत यायचे.

इमारती संपल्या, केळीच्या वाड्या लागल्या आणि रिक्षा थांबली. रस्त्यावर आडवा बांबू होता. शेजारी वाडीचे मालक अंतोनकाका मांडीवर वही घेऊन बसलेले.

"नाव? कुठून आले? काम?"

मला रागच आला. आम्हाला असे कोणी विचारत नाही.

काकांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचले आणि मला विहिरीवर नेले. पाणी पार तळाला गेले होते.

"किती बिल्डिंगींना पानी गेलं इथून. उपसून उपसून आता खारं लागलं. केळी बघा."

पानांच्या कडा करपल्या होत्या.

"गावाला मोठा धोका कशाचा वाटतो?" मी सवयीने विचारले. काका संकोचले. पाहुण्याला तोंडावर कसे सांगायचे? त्यांच्या पत्नी रीताकाकूंनी ती अडचण सोडवली.

"तुमचाच. बसा, सुकेळी खा."

सुकेळी (उन्हात वाळवलेली पिकली केळी) मी दोनदा मागून खाल्ली. वर पेलाभर पाणी आले. ते मचूळ होते. काका बघत होते, म्हणून तोंड वाकडे न करता प्यालो.

"एक वरीस सोडा विहिरीला," काका म्हणाले, "नायतर वाडी गेली."

पत्र मी परत पिशवीत घातले.

संध्याकाळी कमिटीला सगळे सांगितले. सगळे हळहळले. एका बाईंनी सुकेळी कुठे मिळतात तेही विचारले.

"वाईट झालं," अध्यक्ष म्हणाले. "मग पुढचं गाव बघू या."

मला विरोधात हात वर करायचा होता. पण घरी बादल्या रिकाम्या होत्या आणि सभेत समोरच बायको बसली होती. ठराव एकमताने झाला, त्या एकमतात मीही होतो, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी गोड होते. कुठल्या गावचे, ते मी ड्रायव्हरला विचारले नाही.