माळ्यावरची जाळी

आमच्या कॉलेजात मुलींचा टेनिसचा संघ आहे म्हटलं की लातूरकडचे लोक आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. एका सोयऱ्याने तर भर पंगतीत विचारलं होतं, "सर, टेनिस म्हणजे ते टेबलावरचंच ना?" मी म्हटलं, हो, फक्त आमचं टेबल मुरमाचं आहे. मी इथला क्रीडाशिक्षक. मैदान एकच. त्यावर रोलर ओढायला मुलीच, पाणी मारायला मुलीच, आणि दिवाळीनंतर नांदेडला विद्यापीठाच्या स्पर्धांना जाऊन बहुधा पहिल्याच दिवशी हरून येणाऱ्याही त्याच. तरी परतताना एसटीत गाणी म्हणतात. मला त्याचा भारी राग येतो.

जाळी सांधायचं काम मात्र माझ्या बायकोचं. पावसाळ्यात जाळी माळ्यावर ठेवायची, उंदरांनी तिला भोकं पाडायची आणि दसऱ्याच्या सुमारास बायकोने दारात पाय पसरून ती सांधायची, हे आमच्या घरी सणासारखं ठरलेलं होतं. तिचं माहेर इस्लापूरचं. घर शेतकऱ्याचं, पण शेजार भोयांचा, त्यामुळे लहानपणीच जाळं विणायला शिकलेली. टेनिसच्या जाळीलाही ती मासे धरायच्या जाळ्याचीच गाठ मारायची. वीण इतकी बारीक ठेवायची, की ठिगळ दुरूनही ओळखू यावं. मी म्हणायचो, "अगं, यातून चेंडू जायला नको, एवढंच बघायचंय." ती मान वर न करता म्हणायची, "पिल्लू बी सुटता कामा न्हाई."

या उन्हाळ्यात ती गेली. पोटात दुखतंय म्हणत होती. अंगावर काढत राहिली, आणि लातूरला दाखवेपर्यंत दुखणं सगळीकडे पसरलं होतं.

दसरा जवळ आला तशी मुलींनी मैदानाची डागडुजी सुरू केली. मी जाळी काढेना. प्राचार्य म्हणाले, आणि भल्या मनानेच म्हणाले, "सर, यंदा राहू द्या. तशीही ती जागा गाड्या लावायला मागतायत." एकदा गाड्या लागल्या की त्या हलत नाहीत. यंदा संघ गेला नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी बरं म्हणालो. माळ्यावर चढणं माझ्याच्याने होत नव्हतं. जाळी उलगडली, की कुठलं ठिगळ कोणत्या वर्षाचं आणि तेव्हा आम्ही कशावरून भांडत होतो, ते सगळं आठवणार होतं.

शेवटी संघातल्या चौघीही घरी आल्या. कर्णधार मुलगी हदगावची. इथे मामाकडे राहून शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. चपला काढता काढताच म्हणाली, "सर, नांदेडला नावं कळवायचा उद्या शेवटचा दिस हाय. आपली टीम हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"जाळी फाटलीय," मी म्हणालो.

"मंग द्या की. मी सांधते. काकूंनी शिकवलंय मला."

मी चिडलोच. कधी शिकवलं, मला कसं माहीत नाही? तेवढ्यात दुसरी एक पोरगी माळ्यावर चढली, आणि धुरळ्यासकट जाळी खाली आली.

कर्णधार दारातच बसली, पाय पसरून. दोरी बोटावर घेतली, खालून काढली, अंगठ्याखाली दाबली. हात हुबेहूब तसेच चालत होते. मग ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून केलं आणि पुन्हा तिथेच थांबली.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं येत न्हाई, सर. मागल्या दसऱ्याला काकू म्हणल्या होत्या, आधी एवढं हातात बसू दे. राहिलेलं पुढल्या साली सांगते."

मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि रडलो. नळाचं पाणी कितीही वाजत असलं तरी त्यांना ऐकू गेलंच असणार.

बाहेर आलो, तिच्याजवळ खाली बसलो आणि ती अडली होती तिथून पुढे मी बैलाच्या दाव्याला मारतात तशी साधी गाठ मारली. बेढब. तशाच गाठी मारत आम्ही भोकं बुजवली आणि चौघींची नावं नांदेडला कळवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी लागली. हदगावच्या पोरीने पहिलाच चेंडू जोरात मारला, तो नेमका माझ्या ठिगळावर आला. चेंडू अडला आणि खाली पडला. "टिकली, सर, टिकली!" मुली ओरडल्या. मीही हसून मान हलवली. खरं सांगतो, मला मात्र ती गाठ सुटायला हवी होती.