मालकांच्या कानाचा आवाज

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, गेली एकतीस वर्षं एकाच थिएटरात आवाज लावतात. सिनेमा दुसऱ्यांनी केलेला, पण पडद्यामागच्या आणि भिंतींवरच्या स्पीकरांतून तो लोकांच्या कानावर कसा पडावा, हे दाजी ठरवतात. मी तिथेच तिकीट खिडकीवर बसतो. नोकरी त्यांनीच लावून दिली, त्यामुळे त्यांच्याविषयी वाकडं बोलायचा मला हक्क नाही. तरी बोलणार आहे.

ताई दीड वर्षापासून लेकीकडे आहे. तिचे गुडघे गेले आणि थिएटरामागच्या त्यांच्या खोलीच्या चोवीस पायऱ्या तिला चढवेनात. दाजींनीही तिकडेच जायचं ठरलं होतं. पण मालक म्हणाले, "जुना प्रोसेसर शेवटच्या घटका मोजतोय. नवा बसवून आवाज लावून दे, मग खुशाल जा." दाजींनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिच्यावर डोकं आपटलं तरी आपलंच फुटतं, हे ताईला लग्नापासून ठाऊक आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. आवाज लावून झाला की मालक आठव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसतात, डोळे मिटून दहा मिनिटं ऐकतात आणि "लागला" एवढंच म्हणतात. ते म्हणत नाहीत तोवर काम संपलं असं कुणी समजत नाही.

नवा प्रोसेसर आला. दिसायला साधा डबा, पण सिनेमातला आवाज वाटून कुठल्या स्पीकरला किती द्यायचा, हे सगळं त्याच्या पोटात. दाजींनी बिनखिडकीच्या केबिनमध्ये चार दिवस मुक्काम ठोकला. एकेका स्पीकरातून नुसता 'शूऽऽ' असा आवाज सोडायचा आणि मी खाली हॉलमधून ओरडायचं, "डावा! मधला! मागचा उजवा!" एकदा मी चुकून डाव्याला उजवा म्हणालो, तर वरून आवाज आला, "जेवतोस कुठल्या हाताने?"

जुन्या प्रोसेसरमधले आवाजाचे सगळे आकडे त्यांनी नव्या डब्यात जसेच्या तसे भरले. मग माइकची पाळी आली. आजवर दाजी कानानेच आवाज लावत आले, पण या डब्यासोबत माइक आले होते. ते खुर्च्यांमध्ये उभे केले की लॅपटॉपवर एक रेघ उमटते, ती कशी हवी हे पुस्तकात छापलेलं असतं. आमची रेघ उजवीकडे, म्हणजे बारीक, टोकदार आवाजांच्या बाजूला, सरळ वर चढत गेली.

"माइक खराब आहे," दाजी म्हणाले. माइक बदलला. रेघ तशीच. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, तुला कसं ऐकू येतं?"

"टाचणी टोचल्यासारखं," मी म्हणालो. "गेली सात-आठ वर्षं. खिडकीवर येऊन लोक तक्रार करतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला आवाजातलं शिकवायला मी कोण?"

ते खुर्चीत बसले. वयामुळे त्यांचे कान बारीक आवाज सोडत गेले होते, आणि जेवढं ऐकू येईनासं झालं तेवढं ते हॉलमध्ये वाढवत गेले होते. इतक्या लोकांचे कान आपण टोचले, याची त्यांना भयंकर लाज वाटली. मलाही वाटली, गप्प राहिल्याची.

त्यांनी माइक सांगेल तशी रेघ बसवली. मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये डोळे बारीक न करता संवाद ऐकले. दाजींना मात्र सगळं उशीखालून बोलल्यासारखं वाटत होतं. "असू दे," ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही."

मालक आठव्या रांगेत बसले, दोन मिनिटांत उठले. "आवाज मेलाय. पुन्हा लाव."

असं तीनदा झालं. मालक दाजींहून बारा वर्षांनी मोठे. बारीक आवाज वाढवावा तर लोक कान धरून बाहेर येणार, उतरवावा तर मालक 'लागला' म्हणणार नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दाजींचं लेकीकडे जायचं बसचं तिकीट दोनदा रद्द झालं.

"सांगून टाका ना मालकांना, कान गेलेत म्हणून," मी चिडलो.

"माझे गेले हे सांगेन. त्यांचे गेले हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग ताईला तरी सांगून टाका, 'मी आता येत नाही' म्हणून!"

हे लागलं. मंगळवारी सकाळी ते आठव्या रांगेपाशी उभे राहिले आणि मालकांना म्हणाले, "आवाज बरोबर आहे. कान आपले गेलेत. माझे आणि तुमचे."

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. पण मालक रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. "घरी टीव्ही लावला की सून दार ओढून घेते," ते म्हणाले. "सगळे ओठ हलवतात, मी मान हलवतो. मला नीट ऐकू येतं अशी एवढी एकच जागा होती. ती तू केली होतीस."

दाजी केबिनच्या जिन्याकडे वळले. वर जाऊन त्यांनी डब्यात आवाजाची दुसरी मांडणी साठवली, मालकांच्या कानाची. आता रोज पहिल्या खेळाआधी रिकाम्या हॉलमध्ये मालकांसाठी अर्धा तास ती चालते. त्यांना आज किती ऐकू येतंय ते चेहऱ्यावरून ओळखून दाजी थोडं कमीजास्त करतात, मग लोकांसाठी पहिली मांडणी लावतात.

"बटणं मी दाबीन, यांना जाऊ द्या," मी मालकांना सांगून पाहिलं.

"तुला नाही जमायचं," मालक म्हणाले. "तुला ऐकू येतं."

संध्याकाळी ताईचा फोन आला. मी तो दाजींच्या हातात दिला.

"झाला का आवाज लावून?" तिने विचारलं.

"हो. लागला एकदाचा."

"मग कधी येताय?"

दाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालीस? ऐकू येत नाही."

ताईने पुन्हा, मोठ्याने विचारलं. मी चार हात लांब उभा होतो, मलासुद्धा शब्द न् शब्द कळला.