अंग चोरून उभी अक्षरं

जुन्या गिरणीच्या जागेत कॅफे निघालाय. भाची हौसेनं घेऊन गेली. मेनूवर उंच, अरुंद, जाड इंग्रजी अक्षरं, पायांना चौकोनी ठोकळे, सगळी अंग चोरून उभी.

"मामा, काय रांगडा टाइप आहे ना! एकदम कारखान्यासारखा."

माझं डोकं सणकलं. छापखान्यात हा टाइप मी हातानं जुळवायचो. रांगडा कसला, मेला कंजूष! कमी जागेत जास्त माणसं कोंबायला केलेला. आमच्याकडे तो गिरणीच्या नोटिशीपुरताच बाहेर निघे. कामावरून काढलेल्यांची नावं एकाच कागदावर बसवायची असत. शेवटच्या नोटिशीत शेजारच्या दत्तोबांचं नाव ओळीत मावेना. मी त्यांच्या वडिलांचं नाव उडवून नुसतं आद्याक्षर ठेवलं. ओळ चोख बसली. तो कागद याच गिरणीच्या फाटकावर डकवला गेला. आता त्याच अक्षरांत कॉफी विकतात, लाज नाही वाटत?

"मामा, एवढा कुणावर चिडलायस?"

मी मेनू पालथा घातला. तो नोटिशीचा कागद बघून गिरणीचा मॅनेजर तेव्हा म्हणाला होता, "झकास बसवलंस." आणि मी दिवसभर खुशीत होतो.